एका पेशीपासून बनणारं औषध: मोनोक्लोनल अँटीबॉडी

कुत्रं चावलं, दात खोल रुतले, रक्त आलं, की दवाखान्यात दोन वेगवेगळी इंजेक्शनं देतात. एक म्हणजे लस. तिचे डोस पुढचे काही आठवडे ठरलेल्या दिवशी घ्यायचे असतात, आणि बहुतेकांना तेवढीच माहीत असते. दुसरं इंजेक्शन थेट जखमेत आणि जखमेच्या कडेकडेने टोचतात. ते दुखतं, बोटाला किंवा ओठाला चावलं असेल तर चांगलंच दुखतं. पण टाळून चालत नाही. लस शरीराला रेबीजविरुद्ध अँटीबॉडी, म्हणजे जंतूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिनं, बनवायला लावते, आणि त्या तयार व्हायला आठवडा ते दोन आठवडे जातात. तेवढ्यात विषाणू मज्जातंतूत शिरून मेंदूकडे निघाला, तर पुढे डॉक्टरांच्या हाती फारसं काही उरत नाही. म्हणून मधल्या दिवसांसाठी बाहेरून तयार अँटीबॉडी द्यायच्या, आणि विषाणू जिथे आहे तिथेच सोडायच्या. (त्याआधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही. हे कितीदाही सांगितलं तरी कमीच.)

ही तयार अँटीबॉडी आणायची कुठून?

फार काळ उत्तर एकच होतं: जनावराच्या रक्तातून. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिलं, की धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तातला द्रव, म्हणजे सिरम, दुसऱ्या प्राण्याला टोचला तर तोही त्या विषातून वाचतो. घटसर्पालाही हेच लागू पडलं. वैद्यकशास्त्राचं पहिलं नोबेल, १९०१ चं, बेरिंगना याच कामासाठी मिळालं. कितासातोंना मिळालं नाही. मोठ्या प्रमाणावर सिरम काढायचं तर जनावरही मोठं हवं, म्हणून घोडा आला. परळच्या हाफकिन संस्थेचं नाव गावोगावी पोचलं ते सर्पदंशावरच्या अशाच औषधामुळे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष अगदी थोडं थोडं, वाढवत नेत घोड्याला टोचायचं. घोडा मरत नाही, त्याच्या रक्तात विषाला निकामी करणाऱ्या अँटीबॉडी साठत जातात. मग त्याचं रक्त काढून त्या वेगळ्या करायच्या. साप चावल्यावर आजही हेच औषध देतात.

रेबीजलाही घोड्याचं सिरम चालतं, आणि त्याने असंख्य जीव वाचलेत. पण त्यात दोन अडचणी आहेत. पहिली, ते प्रथिन घोड्याचं. आपलं शरीर ते परकं म्हणून ओळखतं. काहींना लगेच ॲलर्जी येते, काहींना आठवड्याभराने ताप, पुरळ, सांधेदुखी सुरू होते. दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे. घोड्याच्या रक्तात फक्त आपल्याला हव्या त्या अँटीबॉडी नसतात. त्याने आयुष्यभरात ज्या ज्या जंतूंशी सामना केला, त्या सगळ्यांविरुद्धच्या त्यात असतात. आपल्या कामाच्या त्यातल्या थोड्याच. शिवाय या घोड्याचं सिरम त्या घोड्यासारखं नसतं, आणि त्याच घोड्याचं यंदाचं पुढच्या वर्षीसारखं नसतं. लस घेतलेल्या माणसांच्या रक्तापासूनही रेबीजच्या अँटीबॉडी काढतात. त्यात ॲलर्जीचा त्रास फारसा नाही, पण ते महाग आणि हवं तेव्हा मिळत नाही. मिश्रणाचा प्रश्न तिथेही तसाच.

मिश्रण का होतं, हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. अँटीबॉडी बनवतात आपल्या रक्तातल्या बी पेशी, पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. शरीरात अशा कोट्यवधी पेशी असतात, आणि त्यातली प्रत्येक एकाच प्रकारची अँटीबॉडी बनवू शकते. जन्मभर तीच. विषाणू शरीरात आला की त्याच्या पृष्ठभागावरच्या वेगवेगळ्या जागा वेगवेगळ्या बी पेशींना ओळखू येतात. ज्यांना ओळख पटली त्या भराभर वाढतात आणि प्रत्येक जण आपापला माल रक्तात सोडते. म्हणून रक्तातून काढलेली अँटीबॉडी ही नेहमीच सरमिसळ. काही घट्ट चिकटतात, काही नुसत्या टेकतात, काही विषाणूच्या अशा जागी बसतात की त्याचं काहीच अडत नाही.

त्यातली सगळ्यात चांगली अँटीबॉडी बनवणारी एकच पेशी शोधून तिचीच पैदास करता आली तर? कल्पना उत्तम, पण बी पेशी शरीराबाहेर काही दिवसांत मरते.

यावरचा उपाय १९७५ साली केंब्रिजच्या प्रयोगशाळेत निघाला. सेझार मिलस्टाइन मूळचे अर्जेंटिनाचे, आणि जॉर्ज कोलर हा त्यांच्याकडे नुकताच आलेला तिशीच्या आतला जर्मन संशोधक. मिलस्टाइन मायलोमा या कॅन्सरच्या पेशींवर काम करत होते. मायलोमा हा अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींचाच कॅन्सर. कॅन्सरची पेशी काचेच्या भांड्यात खाद्य मिळत राहिलं तर मरतच नाही, वाढतच राहते. मग हिचं न मरणं आणि बी पेशीचं नेमकं काम एकत्र करता येईल का?

कोकणात आंब्याचं कलम बांधतात तसंच हे. खुंट रायवळचा, चिवट, कुठेही तग धरणारा. वरची काडी हापूसची. आणि एकदा कलम जमलं की त्या झाडाच्या काड्यांवरून बांधलेल्या प्रत्येक कलमाचं फळ तेच, कोयीपासून लावलेल्या झाडासारखं नशिबावर सोडलेलं नाही. फरक एवढाच, की कलमात खुंट आणि काडी आपापल्या जागी राहतात, इथे मात्र दोन पेशी वितळून अक्षरशः एक होतात.

कोलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराला मेंढीच्या तांबड्या पेशी टोचल्या, त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशी त्याच्या प्लीहेतून काढल्या आणि मायलोमाच्या पेशींत मिसळल्या. पेशी एकमेकींत विरघळाव्यात म्हणून सेंदाई नावाचा विषाणू वापरला. पुढे त्याच्या जागी एक साधं रसायन वापरायला लागले.

आता भांड्यात काय काय आहे? न जुळलेल्या बी पेशी आहेत. त्या आपोआप मरतील, त्यांची चिंता नाही. जुळलेल्या जोड्या आहेत, पण अगदी मोजक्या. आणि न जुळलेल्या मायलोमा पेशी आहेत भरमसाट. त्या राहिल्या तर दोन दिवसांत सगळं भांडं व्यापतील. इथली युक्ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर वाटते. पेशीला नवा डीएनए बनवायला दोन मार्ग असतात: एक मुख्य, आणि एक जुन्या मालातून पुन्हा जुळवाजुळव करण्याचा. मायलोमाच्या पेशी मुद्दाम अशा निवडल्या होत्या, की त्यांच्यात दुसऱ्या मार्गाला लागणारं एक एन्झाइमच नव्हतं. भांड्यात असं औषध घातलं, की त्याने पहिला मार्गही बंद झाला. एकट्या मायलोमा पेशीची दोन्हीकडून कोंडी झाली आणि ती मेली. जुळलेल्या पेशीकडे मात्र ते एन्झाइम बी पेशीकडून आलेलं असतं, त्यामुळे ती दुसऱ्या मार्गाने तरते. थोडक्यात, निवड करायला कोणी बसावंच लागत नाही. नको त्या सगळ्या स्वतःहून गळून पडतात.

उरलेल्या पेशी मग इतक्या पातळ करायच्या, की शहाण्णव खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत प्रत्येक खळग्यात सरासरी एकही पूर्ण पेशी येऊ नये. काही खळगे रिकामे राहतात, काहींत एकच पेशी पडते. ती वाढली की त्या खळग्यातली प्रत्येक पेशी त्या एकीचीच लेक. मग एकेका खळग्यातला द्रव तपासायचा: हवी ती अँटीबॉडी आहे का, किती घट्ट चिकटते? पसंत पडलेल्या खळग्यातल्या पेशी वाढवायच्या, काही द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायच्या. वीस वर्षांनी काढल्या तरी त्या तीच अँटीबॉडी बनवतात. एकाच पेशीच्या वंशातून आलेली, म्हणून मोनोक्लोनल.

दोघांनी आपल्या लेखाच्या शेवटी एवढंच म्हटलं, की अशा पेशींचा वैद्यकाला आणि उद्योगाला उपयोग होऊ शकेल. पेटंट घेतलं गेलं नाही. नोबेल मिळालं १९८४ मध्ये, सिद्धान्तकार नील्स येर्ने यांच्यासोबत. पेटंट न घेण्याबद्दल ब्रिटनमध्ये पुढे बरीच चिडचिड झाली. मला मात्र वाटतं, की हे तंत्र जगभरच्या प्रयोगशाळांत इतक्या झपाट्याने पसरलं त्याला तेही एक कारण असणार.

पहिला मोठा फायदा झाला तो तपासण्यांना. मेडिकलमध्ये मिळणारी प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी बघा. लघवीचे थेंब टाकता त्या जागेच्या पुढे कागदात एक अँटीबॉडी कोरडी करून ठेवलेली असते. तिला सोन्याचे अतिसूक्ष्म कण चिकटवलेले असतात. इतक्या बारीक सोन्याचा रंग पिवळा नाही, गुलाबी-लाल दिसतो. लघवीत गर्भधारणेचं हार्मोन असेल तर ही अँटीबॉडी ते पकडते आणि ओलाव्याबरोबर पुढे सरकते. पुढे ‘टी’च्या रेघेवर दुसरी अँटीबॉडी पक्की बसवलेली असते. ती त्याच हार्मोनला वेगळ्या जागी पकडते, सोन्याचे कण तिथे अडकतात आणि रेघ उमटते. ‘सी’च्या रेघेवर तिसरी अँटीबॉडी असते, ती पहिल्या अँटीबॉडीलाच पकडते. ती रेघ फक्त एवढंच सांगते, की पट्टी चालू आहे. म्हणून ‘सी’ची रेघ आली नाही तर ‘टी’ काय म्हणते याला अर्थ नाही, पट्टी फेकून दुसरी आणायची. कोरोनाच्या काळात घरोघरी वापरलेलं रॅपिड टेस्ट किट आणि डेंग्यूची झटपट तपासणी याच तत्त्वावर चालतात.

औषध म्हणून वापर मात्र अडखळत सुरू झाला. पहिल्या मोनोक्लोनल औषधाला अमेरिकेत १९८६ मध्ये परवानगी मिळाली, किडनी बदलल्यावर शरीराने ती नाकारू नये म्हणून. ते पूर्णपणे उंदराचं होतं, आणि घोड्याचीच कथा पुन्हा घडली: रुग्णाच्या शरीराने उंदराच्या अँटीबॉडीविरुद्ध स्वतःच्या अँटीबॉडी बनवल्या. मग जनुकांची कापाकापी सुरू झाली. आधी विषाणू किंवा पेशी पकडणारं टोक उंदराचं आणि बाकीचा भाग माणसाचा. १९९७ मध्ये आलेलं रिटुक्सिमॅब असं आहे. नंतर केंब्रिजमध्येच ग्रेग विंटर यांनी टोकातलेही फक्त प्रत्यक्ष चिकटणारे पट्टे उंदराचे ठेवून उरलेलं सगळं माणसाचं करून दाखवलं; स्तनाच्या कॅन्सरवरचं ट्रास्टुझुमॅब, १९९८ चं, या पठडीतलं. २००२ मध्ये आलेल्या अडालिमुमॅबमध्ये उंदीर उरलाच नाही. विंटर यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

आणखी एक वाट म्हणजे उंदरालाच माणसाची अँटीबॉडीची जनुकं देणं. उंदीर उंदीरच राहतो, पण लस टोचल्यावर अँटीबॉडी बनवतो ती माणसाची. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संस्थेबरोबर आणलेली रेबीजची अँटीबॉडी अशाच उंदरांपासून मिळाली. तिची मात्राही कमी लागते. घोड्याचं सिरम द्यायचं तर वजनाच्या दर किलोला ४० युनिट, माणसाच्या रक्तातलं द्यायचं तर २०, आणि ही मोनोक्लोनल ३.३३. साठ किलोच्या माणसाला अनुक्रमे २४००, १२०० आणि २०० युनिट. घोडा नाही, रक्तदाता नाही, आणि प्रत्येक बॅच आधीच्या बॅचसारखी.

उंदीर लागतो तो बहुधा शोधापुरताच. आज कारखान्यातलं उत्पादन चालतं ते चिनी हॅमस्टर या छोट्या प्राण्याच्या अंडाशयातून १९५० च्या दशकात काढलेल्या आणि तेव्हापासून वाढवत आणलेल्या पेशींवर. पसंत केलेल्या अँटीबॉडीचं जनुक त्यांच्यात घालतात. गोठवलेली एक कुपी उघडायची, लहान बाटलीतून मोठ्या बाटलीत, तिथून पोलादी टाकीत, अशा पायऱ्या चढत हजारो लिटरपर्यंत जायचं. तापमान ३७ अंशांच्या आसपास. साखर, प्राणवायू, आम्लता सतत मोजत राहायची. साधारण दोन आठवड्यांनी पेशी गाळून टाकतात, कारण औषध त्यांनी बाहेरच्या द्रवात सोडलेलं असतं. मग तो द्रव एका नळकांड्यातून सोडतात, ज्यातल्या मण्यांवर ‘प्रोटीन ए’ नावाचं प्रथिन लावलेलं असतं. हे प्रथिन मुळात गळवं करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूचं. अँटीबॉडीपासून वाचण्यासाठी तो तिची शेपटी पकडून तिला उलटी धरतो. आपण त्याचंच हत्यार वापरून अँटीबॉडी तेवढी गाळून घेतो! पुढे आम्लात ठेवून आणि अतिसूक्ष्म गाळणीतून काढून विषाणूंची शक्यता संपवायची, पुन्हा शुद्ध करायचं, तपासायचं, कुप्या भरायच्या.

हे रेणू अवाढव्य असतात. ॲस्पिरिनच्या एका रेणूचं वजन १८० मानलं तर अँटीबॉडीचं भरतं दीड लाख. गोळी करून गिळली तर पोट तिला डाळीतल्या प्रथिनासारखं पचवून टाकेल, म्हणून सुई किंवा सलाईनच. शिवाय दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. आणि पेशीने बनवलेलं औषध दुसऱ्या कंपनीला हुबेहूब तसंच काढता येत नाही. फार तर कसोट्यांवर तितकंच उतरणारं, म्हणजे बायोसिमिलर. डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये भारतात रिटुक्सिमॅबचं असं रूप आणलं आणि इथल्या रुग्णांसाठी दार थोडं उघडलं.

काम कसं करतात? रेबीजची अँटीबॉडी विषाणूच्या अंगावर बसून त्याला पेशीत शिरू देत नाही. अडालिमुमॅब सांध्यांची सूज भडकवणारा टीएनएफ नावाचा निरोप्या रेणू वाटेतच पकडतं. मात्र तोच रेणू क्षयाचे जंतू शरीरात दाबून ठेवायलाही लागतो. म्हणून आपल्याकडे संधिवाताचं हे इंजेक्शन सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी करायला सांगतात, खोकला नसला तरी. हा उगाच वाढवलेला खर्च नाही. रिटुक्सिमॅब लिम्फोमा या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरच्या पेशीवर जाऊन बसतं आणि शरीराची स्वतःची फौज तिच्यावर तुटून पडते. ट्रास्टुझुमॅब लागू पडतं ते ज्या गाठीत हर-२ हे प्रथिन भरपूर आहे तिथेच, आणि अशा गाठी शंभरात पंधरा ते वीस. बायोप्सीच्या रिपोर्टवर हर-२ पुढे ‘३ प्लस’ असेल तर औषध चालेल, शून्य किंवा ‘१ प्लस’ असेल तर नाही, आणि ‘२ प्लस’ असेल तर जनुकांची आणखी एक तपासणी करून ठरवतात. भारी औषध आहे म्हणून आपल्यालाही द्या, असा आग्रह धरून उपयोग नसतो.

प्रथिनच आहे म्हणजे निर्धोक, असंही नाही. २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन१४१२ ही अँटीबॉडी पहिल्यांदाच सहा निरोगी तरुणांना दिली. ती शरीराच्या टी पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या आणखी एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, थेट चेतवणारी होती. काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात होते. सगळे वाचले, पण माणसावरच्या पहिल्या चाचणीचे नियम त्यानंतर बदलले: आता सगळ्यांना एकाच दिवशी डोस देत नाहीत.

आणि मोनोक्लोनलचं जे बळ, तेच तिचं दुखणंही. ती एकच जागा ओळखते. ती जागा बदलली की खेळ खलास. मे २०२१ मध्ये कोरोनासाठी कासिरिविमॅब आणि इमडेविमॅब या दोन अँटीबॉडींचं मिश्रण भारतात आलं, एका रुग्णामागे ५९,७५० रुपये. दोन ठेवल्या होत्या त्या मुद्दाम, एक चुकली तर दुसरी असावी म्हणून. वर्ष संपता संपता ओमायक्रॉन आला आणि दोन्ही निकामी झाल्या. घोड्याच्या सिरममधली ती गबाळी सरमिसळ इथे उलट कामाची असते: दहा अँटीबॉडी चुकल्या तरी दहा चिकटतात. रेबीजचा विषाणू त्या मानाने स्थिर आहे. तरी त्यातही एकच अँटीबॉडी पुरे की दोन हव्यात, हा वाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा कल दोनकडे आहे, आणि झायडस कंपनीने बाजारात आणलेल्या औषधात दोन आहेत.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र पैशांचा. तंबाखू, गुटखा, मिश्रीमुळे तोंडाचे आणि घशाचे कॅन्सर आपल्याकडे किती होतात हे सांगायला नको. त्यात उपयोगी पडणारी निव्होलुमॅब ही अँटीबॉडी कॅन्सरवर थेट हल्ला करत नाही. कॅन्सरच्या पेशी आपल्या टी पेशींना पीडी-१ या खुणेतून गप्प बसवतात, ती खूण निव्होलुमॅब झाकते. पण आपल्याकडे असे उपचार शंभरात तिघांनाही परवडत नाहीत. परळच्याच टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी विचार केला, की टी पेशींवरच्या या खुणा अगदी थोड्या औषधातही जवळपास भरून जातात, तर मग एवढा मोठा डोस कशाला? नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. त्यांनी दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम दिलं, स्वस्त तोंडी औषधांच्या जोडीला. आजार पुढे गेलेले १५१ रुग्ण होते. नुसत्या तोंडी औषधांवर वर्षभराने १६.३ टक्के जिवंत होते, निव्होलुमॅबच्या जोडीने ४३.४ टक्के. निकाल २०२२ मध्ये छापून आले आणि जगभरच्या कॅन्सरतज्ज्ञांमध्ये त्यावर चर्चा सुरू झाली.

यात एक गोष्ट नीट वाचायला हवी. तुलना होती ती थोडं निव्होलुमॅब विरुद्ध निव्होलुमॅब काहीच नाही, अशी. थोडं औषध पूर्ण डोसइतकंच चालतं, हे या चाचणीने दाखवलेलं नाही. ते दाखवायचं तर दोन्ही डोस समोरासमोर ठेवून वेगळी चाचणी करावी लागते. अशा चाचणीला पैसा कोण देणार हा प्रश्नच आहे, कारण औषध कमी खपावं असं कुठल्याच कंपनीला वाटत नाही. तोवर ज्याला पूर्ण डोस परवडतच नाही, त्याच्यापुढे आता ‘काहीच नाही’ऐवजी २० मिलिग्रॅमचा पर्याय आहे.